तोब्रुकचे मराठे

युद्धपट म्हणजे पुरुषांचा विषय, असं आपण बायका धरूनच चालतो. त्यातून आपण जैन, पाणीसुद्धा गाळून पिणारे. तोफा आणि रणगाडे कशाला बघायचे? पण ब्रिटिशांचे वाळवंटातले जुने युद्धपट मी मुद्दाम पाहिले. आमच्या धारवाडपासून पाऊणशे किलोमीटरवर बेळगाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथे 1922 पासून आहे. त्या पलटणीची पोरं दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळूत लढली. ती पडद्यावर कुठे दिसतात, एवढंच मला बघायचं होतं.

1943 चा 'डेझर्ट व्हिक्टरी' हा अल अलामीनच्या लढाईवरचा माहितीपट. लष्कराच्या चित्रण पथकाने तो रणांगणावर टिपला आणि त्याला ऑस्करही मिळालं. पुढे 1958 साली 'आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स' आला. 1942 मध्ये तोब्रुकला वेढा पडत असताना एक रुग्णवाहिका तिथून निघते. थकलेला कॅप्टन, त्याचा सार्जंट-मेजर, दोन परिचारिका आणि वाटेत भेटलेला एक अनोळखी अधिकारी. मग सुरुंग, वाळू, तहान आणि अखेर अलेक्झांड्रियात थंडगार बिअरचा ग्लास. चित्रपट चांगला आहे हो, शत्रूलाही माणूस म्हणून वागवतो. पण गाडी निघून गेल्यावर तोब्रुकमध्ये मागे कोण राहिलं, ते त्यात नाही.

मागे राहिले त्यांत आपले मराठे होते. या पलटणीची दुसरी बटालियन 11व्या हिंदी ब्रिगेडमध्ये, गुरखे आणि स्कॉटिश सैनिकांसोबत, शहराची आग्नेय बाजू सांभाळत होती. 20 जून 1942 च्या सकाळी रोमेलच्या विमानांनी नेमका त्याच बाजूवर बाँबचा पाऊस पाडला. मागून रणगाडे आले. त्यांना अडवायला खणलेला चर जागोजागी वाळूने बुजला होता. फळी तिथेच फुटली. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. सुमारे 33 हजार सैनिक कैद झाले, त्यांत अडीच हजारांच्या आसपास हिंदी. आफ्रिकेत पकडलेल्या अनेक हिंदी सैनिकांना इटलीतल्या छावण्यांत नेलं. जर्मनांच्या हाती लागलेल्यांपैकी काही जण सुभाषबाबूंच्या जर्मनीतल्या आझाद हिंद सेनेत गेले, तर बरेचसे जुन्या शपथेला धरून राहिले. कोण चूक, कोण बरोबर? चार भिंतींच्या आत बसून आपण कोण ठरवणार!

आणि इकडे काय चाललं होतं? तोब्रुक पडून दोन महिने व्हायच्या आतच 'चले जाव'ची हाक आली. 1 एप्रिल 1943 रोजी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या होसरित्तीला मैलार महादेव पोलिसांच्या गोळीने पडले. तिकडे त्याच सरकारसाठी आपलीच माणसं मरत होती.

आपल्या श्रावकाचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. चूल-दळणातली आरंभी, शेती-धंद्यातली उद्योगी, रक्षणापुरती विरोधी आणि ठरवून केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन संसारी माणसाला पूर्णपणे टळत नाहीत; संकल्पी मात्र टाकायचीच. आता साताऱ्याच्या किंवा बेळगावच्या कोरडवाहू रानातून पलटणीत गेलेल्या पोराची हिंसा कुठल्या खात्यात मांडायची? तो पोटासाठी गेला. लढाई त्याच्या घराच्या रक्षणाची नव्हती. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉयने इथल्या पुढाऱ्यांना न विचारताच हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. संकल्प एकाचा, हात दुसऱ्याचे. माझ्या मते त्या पोराची हिंसा उद्योगीच धरावी. संकल्पाचा हिशेब ज्यांनी तो केला त्यांच्या नावावर.

अल अलामीनला एक दहन-स्मारक आहे. धर्माप्रमाणे ज्यांना अग्नी दिला, अशा सहाशेहून अधिक सैनिकांची नावं तिथे दगडात कोरली आहेत. मी पाहिलेल्या चित्रपटांनी ती वाचली नाहीत. आपल्या मुलांना महायुद्धाची गोष्ट सांगताना ती आपण सांगावी. वाळवंटातली ती तहान आपल्याही घरांची होती.