‘शॉक’ म्हणजे नेमकं काय? हटवादी नैराश्याच्या उपचारांची गोष्ट

डिप्रेशनची दोन वेगवेगळी औषधं योग्य डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडत नाही, असं काही रुग्णांच्या बाबतीत होतं. मग डॉक्टर ईसीटीचं नाव काढतात आणि घरचे घाबरतात, “म्हणजे शॉक?” बिबवेवाडीत हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. भीती उगाच आलेली नाही, हे आधी सांगतो.

१९३८ मध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेने फिट आणण्याचा उपचार माणसावर पहिल्यांदा केला. तेव्हा भूल देत नसत. अंग इतकं ताठायचं की कधीकधी मणकेही मोडायचे. वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांचं काम काय, तर हातपाय दाबून धरणं. पुढे १९५० च्या दशकात भूल आणि स्नायू सैल करणारं औषध वापरात आलं, पण आपल्याकडे भूलतज्ज्ञ मिळत नाही म्हणून अनेक ठिकाणी भुलीविना शॉक चालूच राहिले. पुण्याच्या भार्गवी दावर यांच्यासारख्या कार्यकर्त्या तर या उपचारालाच विरोध करत राहिल्या. त्यांचा राग मला समजतो. तरीही, खाणंपिणं सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या रुग्णाला ईसीटीने जितकं लवकर बरं वाटतं, तितकं गोळ्यांनी सहसा वाटत नाही.

अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भुलीविना ईसीटीवर बंदी घातली. या कायद्याचा मसुदा घडवण्यात पुण्याच्याच इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राचा हात होता.

कायदा बदलला की वॉर्डातलं कामही बदलतं, आणि ते शिकवावं लागतं. आता सिस्टरने पाहायचं ते असं: रुग्ण उपाशीपोटी आहे ना, कवळी काढली का, ऑक्सिजन आणि बीपी ठीक आहे का. जाग आल्यावर तो गोंधळलेला असतो, तेव्हा “तुम्ही दवाखान्यात आहात, सकाळ आहे” हे शांतपणे सांगायचं. एखादी मावशी सहज म्हणून गेली, “उद्या यांना करंट देणार,” तर अर्ध्या तासाचं आमचं समजावणं वाया जातं आणि रुग्ण उपचार नाकारून घरी जातो.

केटामिनचं आणखी वेगळंच. १९६२ मध्ये तयार झालेलं हे भुलीचं औषध ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकाच्या ओळखीचं. २००० मध्ये एका छोट्या अभ्यासात दिसलं की कमी डोसने काही तासांतच नैराश्य हलकं होतं. तो डोस म्हणजे वजनाच्या दर किलोला ०.५ मिलिग्रॅम, ४० मिनिटांत हळूहळू. रुग्ण जागा असतो, पण तरंगल्यासारखं वाटतं, बीपी चढतं. ‘भूल नाही ना, मग लक्ष कशाला’ असं समजणं इथे महागात पडतं. अमेरिकेने २०१९ मध्ये याच जातीच्या नाकातल्या स्प्रेला मान्यता दिली, तीही निदान दोन तास देखरेखीच्या अटीवर. परिणाम ओसरतो, सवय लागू शकते, हेही नातेवाइकांना सांगायला हवं.

चुंबकाचा उपचार, म्हणजे टीएमएस, १९८५ च्या शेफिल्डमधल्या यंत्रातून आला. त्यात ना भूल, ना फिट आणण्याचा हेतू. खुर्चीत बसायचं, टकटक ऐकायची, घरी जायचं. फक्त डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात इम्प्लांट आहे का, पूर्वी फिट आली होती का, हे आधी विचारलंच पाहिजे. तुम्हाला कोणी विचारलं नाही, तर खुर्चीत बसण्याआधी तुम्हीच सांगा.