घरातील वस्तूंचे वारस

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासपर लिहून द्यावे अशी चिटणीसबाईंची आज्ञा आली, तेव्हा मी माळ्यावरची भांडी खाली उतरवून घेत होते. वाडा पाडून तेथे इमारत उठणार आणि आमच्या वाट्याला दोन खोल्या व स्वयंपाकघर येणार, हे नक्की झालेले. चार पिढ्यांचा संसार दोन खोल्यांत मावावयाचा नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता. वयाची ऐंशी उलटल्यावर हे काम अंगावर आले आणि त्या निमित्ताने घरातल्या वस्तूंचा इतिहास वाचण्याचा योगही आला. वाचण्याचा म्हणते, कारण आमच्या घरचा इतिहास पोथ्यांत नाही, भांड्यांवर आहे.

आपल्याकडे लग्नामुंजीत दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची चाल होती. आता यंत्राने नाव काढतात. पूर्वी कारागीर छिन्नी ठोकून ठिपक्याठिपक्यांचे अक्षर उठवी. कोणी दिले, कोणास दिले, शक कोणता, एवढे त्यात असे. सासूबाई सांगत की १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नात्यातल्या एका घरची भांडी चिखलातून उपसून काढली आणि कोणते कोणाचे हे केवळ नावांवरून लागले. एरवी त्या ठिपक्यांकडे कोणी पाहत नाही. भांडे घासणारी तेवढी पाहते, आणि तिच्या बोटांना ते खरखरीत लागतात म्हणून!

सामानसुमानाविषयी एक गोष्ट मला या आवराआवरीत प्रथमच उमगली. जुन्या मराठी घरात हलविण्याजोगे सामान फारसे नसेच. बसावयाला पाट, पूजेला चौरंग, ओसरीवर झोपाळा, दिवाणखान्यात गादी, लोड आणि तक्क्ये. बाकी साठवण सारी घराच्या अंगात. भिंतीत कोनाडे आणि फडताळे, धान्याला बळद, वर माळा. भिंत पडली की फडताळ पडले. ते कोणाला द्यावे हा प्रश्नच उद्भवत नाही. पायांवर उभे राहणारे सामान, म्हणजे खुर्च्या, टेबले, आरसे लावलेली कपाटे, आपल्या घरांत शिरले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमलाबरोबर. त्या काळी मुंबईत काळ्या शिसवीचे कोरीव काम फार भरभराटीस आले होते. पारशी शेठियांच्या घरांत ते होतेच, परदेशीही जाई. आमच्यासारख्यांकडे आली ती एखादी आरामखुर्ची, आणि तीही वडील मंडळींनीच वापरावयाची. पुढे १९२३ च्या सुमारास गोदरेज कंपनीने लोखंडी कपाटे काढली. आमच्याकडचे कपाट बऱ्याच नंतरचे. तेव्हापासून घरातल्या बायकांच्या कमरेच्या जुडग्यात एका चपट्या किल्लीची भर पडली. किल्ली बाईकडे असे हे खरे. पण आतल्या वस्तू कोणाच्या?

हाच या लेखाचा विषय. ज्या वस्तूंवर बाईने जन्म काढला, त्या दुसऱ्यास देण्याचा अधिकार तिला होता काय?

शास्त्रात एक दालन तिच्यासाठी राखून ठेवलेले होते, ते म्हणजे स्त्रीधन. मनूने त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, नवऱ्याने प्रेमाने दिलेले, आणि भाऊ, आई व बाप यांजकडून मिळालेले. पुढे इ. स. ११०० च्या सुमारास चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याण नगरीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. त्याने हा अर्थ पुष्कळच वाढविला आणि वारसाने किंवा वाटणीने मिळालेलेही स्त्रीधनच मानले. न्यायासनांनी ते सर्वस्वी मानले नाही, हा भाग निराळा. स्त्रीधनाची आणखी एक खूण अशी की ते आईमागे प्रथम मुलीकडे जाई, आणि तीतही आधी अविवाहित मुलीकडे. मुलगे मागाहून.

आता आमच्या घरातले घंगाळ पाहा. दोन माणसांना उचलावे लागते असे तांब्याचे घंगाळ. त्याच्या काठाखाली आजेसासूबाईंचे नाव आहे, पुढे ‘मातोश्रींकडून’ आणि ‘शके १८१७’. म्हणजे १८९५ साल. आईने लग्नात दिलेले. याहून शुद्ध स्त्रीधन ते कोणते? १९४९ साली आमच्या सासऱ्यांची व त्यांच्या भावांची वाटणी झाली. आजेसासूबाई विधवा होत्या. मुलांमध्ये वाटणी झाली तर आईला एका मुलाइतका वाटा मिळावा, असा नियम मुंबई इलाख्यात होता. शिवाय डॉ. गो. वि. देशमुख यांच्या खटपटीने झालेल्या १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यावर हयातीपुरता हक्क मिळालेला होता. वापरावयाचा, पण मनास येईल तसा देऊन टाकावयाचा नाही. हे सर्व पुस्तकात. आमच्या ओसरीवर भांड्यांचे चार ढीग घातले गेले आणि आजेसासूबाई माजघराच्या दारात बसून राहिल्या. घंगाळ धाकट्या चुलत सासऱ्यांच्या ढिगात गेले. आत्याबाई, म्हणजे आजेसासूबाईंची एकुलती एक मुलगी, त्या दिवशी माहेरीच होत्या. सासूबाई सांगत, ‘त्यांनी ढिगाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, नि पाणी भरायला निघून गेल्या.’ काठावरचे नाव कोणी वाचले नाही. वाचले असेल तर उच्चारले नाही.

धाकट्यांना मुंबईच्या चाळीत घंगाळ ठेवावयास जागा होईना, म्हणून दोनच वर्षांत ते परत वाड्यात आले. पण परत आले ते ‘वडिलोपार्जित’ होऊन! आईचे म्हणून कोणी ते आत्याबाईंकडे धाडले नाही.

१७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा अमलात आला. त्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता, मग ती स्थावर असो की जंगम, आधी मिळालेली असो की नंतर, तिच्या पूर्ण मालकीची ठरली. हयातीपुरते वापरणे संपले. विकणे, देणे, मृत्युपत्र करणे, सर्व तिच्या हाती आले. ही फार मोठी गोष्ट झाली आणि तिचे मोल आपण पुरते ओळखले असे मला वाटत नाही. पण त्याच कायद्यात एक पालट मुकाट्याने झाला. पंधराव्या कलमाप्रमाणे बाईच्या मागे तिचे धन मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखे जाते. मुलीचे अग्रस्थान गेले. समानतेच्या दृष्टीने ते योग्यच. तथापि अमुक वस्तू मुलीलाच जावी असे वाटत असेल, तर आईने आपल्या हाताने देऊन मोकळे व्हावे किंवा लिहून ठेवावे हे बरे. लग्नात मिळालेले दागिने, भांडी, सामान हे सासरच्यांच्या घरात असले तरी बाईचेच राहते, सासरच्यांकडे ती केवळ ठेव असते, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ साली स्पष्ट केले.

म्हणजे आता अधिकार मिळाला. आणि घेणारे? थोरली लेक नाशिकला, तिची जागा आमच्या नव्या जागेएवढीच. धाकटी परदेशी; तिने अडकित्ता आणि पानाचा डबा तेवढा नेला. सूनबाई गुणी आहे, पण तिने हळूच विचारले, ‘आई, शिसवी पलंग लिफ्टमधून वर कसा जायचा?’ मला उत्तर सुचेना. पलंगाचे कोरीव खूर आम्ही सुटे करून ठेवले आहेत, फळ्यांची शेल्फे झाली. देण्याचा हक्क यावयास आणि ठेवण्याची जागा जावयास साधारण एकच अर्धशतक लागले, याचे मला हसू येते. हसू येते म्हणजे रडू येत नाही, इतकेच.

जुने घेणाऱ्या एका दुकानदारास घरी बोलावले होते. त्याने तराजू आणला, पितळ निराळे, तांबे निराळे केले, कल्हईची घट धरली आणि मोडीचा भाव सांगितला. नाव घातलेले आणि बिननावाचे एकाच पारड्यात. मी त्याला चहा देऊन परत पाठविले. पुढे दहा-बारा पातेली नाइलाजाने मोडीत गेलीच, ते लपवीत नाही.

या संदर्भात पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण होते. १९२० च्या सुमारास, जे लोक अडगळ म्हणून टाकीत ते त्यांनी गोळा करावयास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, वज्र्या, फण्या, दरवाजे. पत्नी कमलाबाई ह्या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. अकाली गेलेल्या राजा ह्या मुलाच्या नावाने उभा राहिलेला तो संग्रह त्यांनी १९७५ साली महाराष्ट्र शासनास देऊन टाकला. तेथल्या काचेआडच्या वस्तू बहुतेक बायकांच्या हातातल्या आहेत. जमल्यास भगिनींनी नातींना घेऊन जावे, आणि एखाद्या तांब्यावर नाव दिसते का ते पाहावे. पण संग्रहालय सगळ्यांच्या घरचे घेऊ लागले तर त्याला शहर पुरणार नाही.

असो. घंगाळाचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. आत्याबाईंची नात बेंगळुरूला नोकरी करते. तिला फोन केला. ती म्हणाली, ‘मामी, आमच्याकडे शॉवर आहे हो. घंगाळ कुठं ठेवू?’ मी १९४९ ची हकीकत सांगितली. क्षणभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘नाव आहे त्याच्यावर? वाचून दाखवा.’ मी चष्मा लावून ठिपक्यांवर बोट फिरवीत वाचले. पुढच्या महिन्यात ती गाडी घेऊन आली, आणि घंगाळ मागच्या आसनावर जुन्या लुगड्यात गुंडाळून गेले. मुलाला मी आधीच सांगून ठेवले होते. तो म्हणाला, ‘तुझं आहे, तू दे.’ कायदा त्याला माहीत होता की नाही, मी विचारले नाही.

सागवानी पेटारा मात्र कोणाकडेच गेला नाही. तो मी मंडळाच्या कार्यालयात पाठविला आहे. हळदीकुंकवाचे सामान आणि सतरंज्या त्यात ठेवल्या आहेत. किल्ली चिटणीसबाईंकडे असते. उजवीकडची बिजागरी पावसाळ्यात धरते. थोडे खोबरेल सोडावे, हिसका देऊ नये.