काडतुसातील ऐरण : प्रायमरच्या निवडीची व तपासणीची पूर्वपीठिका

‘काडतूस’ हा पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला शब्द आजही टिकून आहे. परंतु त्या वस्तूची घटना एकोणिसाव्या शतकात मुळापासून पालटली. 1800 साली एडवर्ड हॉवर्ड याने पाऱ्याच्या फल्मिनेटचे वर्णन प्रसिद्ध केले. 1807 मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणारी द्रव्ये बंदुकीत योजण्याचे पेटंट मिळविले. पुढे असे मिश्रण पितळी कवचाच्या बुडाशी एका लहानशा वाटीत बसविले जाऊ लागले. हाच प्रायमर होय.

1866 साली त्याच्या दोन रचना पुढे आल्या. अमेरिकेच्या हायरम बर्डनने ऐरण कवचाच्या बुडातच घडविली. रूढ रूपात तिच्या दोन बाजूंस दोन छिद्रे असतात. वूलिच येथील एडवर्ड बॉक्सरने ऐरण प्रायमरमध्येच घातली. कवचास मध्यभागी एकच छिद्र राहिले. विशेष हे की, अमेरिकन रचना युरोपात व इंग्रजी रचना अमेरिकेत रूढ झाली. मधल्या छिद्रातून सरळ सुई घालून जुना प्रायमर सहज काढता येत असल्याने अमेरिकन शिकारी व नेमबाज यांना घरी काडतुसे पुन्हा भरणे सुकर झाले. शस्त्रशाळेतील परीक्षकाचे दायित्व अशा रीतीने भरणाऱ्यावर आले.

हे दायित्व लहान नव्हते. पाऱ्यामुळे पितळ ठिसूळ होई. काळ्या दारूच्या विपुल अवशेषामुळे हा दोष काहीसा झाकला जाई, धूरविरहित दारूने तो उघडा पाडला. पोटॅशियम क्लोरेटचा अवशेष ओलावा शोषून नळी गंजवी. लेड स्टिफनेटच्या मिश्रणांनी हे दोन्ही दोष टाळले. आकारही फसवा असतो. मोठ्या रायफल-प्रायमरचा व्यास सुमारे 0.210 इंच, मोठ्या पिस्तूल-प्रायमरचाही तितकाच. मात्र रायफलची वाटी अधिक उंच व जाड पत्र्याची असते. म्हणून केवळ व्यास पाहून निवड करणे घातक ठरते.

बसविलेला प्रायमर कवचाच्या बुडापेक्षा किंचित आत असावा लागतो. तो वर राहिल्यास पहिला आघात त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो व बार फुसका जातो. 1936 साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या गॅरँडसारख्या स्वयंभरणी रायफलीत तर खटका न दाबताच बार उडण्याचा संभव असतो. कारण तिची मोकळी आघातसूची बोल्ट मिटतानाच प्रायमरला स्पर्श करते. म्हणूनच प्रत्येक कवचाच्या बुडावरून बोट फिरविण्याची साधी रीत आवश्यक ठरते. ऐरणीची जागा बदलली, तेव्हा दक्षतेची जागाही बदलली, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.