पडद्यावरची धाराऊ आणि कापूरहोळची धाराऊ

#थ्रेड

१/ पुणे-सातारा महामार्गावर जिथून भोरकडे आणि सासवडकडे रस्ते फुटतात, ते गाव कापूरहोळ. छत्रपती संभाजी महाराजांची दूधआई धाराऊ ही याच गावच्या गाडे पाटील घराण्यातली. आज तिचे नाव सर्वतोमुखी आहे, आणि ते मुख्यतः पडद्याने पोहोचवले आहे. इतिहासाची आपली स्मृती माध्यमांवर किती विसंबून असते, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ शंभूराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले, तेव्हा बाळराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. त्यांना दूध पाजण्यासाठी धाराऊची निवड झाली होती. परंपरा तिच्या पुत्रांची नावे अंतोजी आणि रायाजी अशी सांगते. ते शंभूराजांचे दूधभाऊ.

३/ तिच्याविषयीचा लिखित आधार एवढाच मोजका आहे. तिचे समकालीन चित्र नाही, तिच्या तोंडचे वाक्य नाही. आपण 'पाहिलेली' धाराऊ कादंबरीकार, पटकथाकार आणि अभिनेत्री यांनी घडवलेली आहे. कलेला तो अधिकार आहेच. प्रश्न उभा राहतो तो कल्पना आणि नोंद यांमधली रेघ पुसली गेल्यावर.

४/ ती पुसली गेली म्हणजे काय होते, हे स्वतः शंभूराजांनी भोगले. त्यांची हत्या ११ मार्च १६८९ची. त्यांची प्रतिमा पुढे ज्या बखरीने घडवली, ती मल्हार रामराव चिटणीस यांनी सुमारे १२० वर्षांनी लिहिली. ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना शंभूराजांनी देहदंड दिला, त्यांचेच हे वंशज.

५/ बखरीतला हा रंग पुढे रंगभूमीने गडद केला. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे 'राजसंन्यास' अपूर्ण होते. त्यानंतर औंधकरांचे 'बेबंदशाही' आले आणि १९४१ मध्ये 'थोरातांची कमळा' हा चित्रपट. ज्यांच्या हाती ग्रंथ नव्हते, त्यांच्यासाठी नाट्यगृह हीच इतिहासाची शाळा होती. रंगेल, उतावळा राजपुत्र लोकमनात ठसला तो असा.

६/ मग कागद बोलू लागले. वा. सी. बेंद्रे यांनी सुमारे चार दशके साधने धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा, मोगलांशी नऊ वर्षे झुंजणारा राजा अभ्यासकांसमोर उभा राहिला.

७/ सर्वसामान्यांचे मत मात्र पालटले ते शिवाजी सावंतांच्या 'छावा' कादंबरीने (१९७९), 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिकेने (२०१७ ते २०२०) आणि २०२५च्या 'छावा' चित्रपटाने. ज्या परावलंबनाने शंभूराजांना दोषी ठरवले, त्याच परावलंबनाने त्यांना निर्दोष सोडले. निकाल न्याय्य लागला. पण पुरावा तपासण्याची सवय समाजाला तेव्हा नव्हती आणि आताही लागली नाही.

८/ याची किंमत दोन प्रसंगांत दिसते. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडला गेला. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकाला उत्तर हवे होते, तर ते बेंद्र्यांनी १९६० मध्येच दिले होते. हातोडा उचलण्याऐवजी तो ग्रंथ उघडता आला असता.

९/ दुसरा प्रसंग मार्च २०२५चा. 'छावा' प्रदर्शित झाल्यावर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात मोगली नाणी पुरलेली असल्याची अफवा पसरली आणि लोक रात्री दिवे घेऊन शेते खणू लागले. मराठ्यांनी १६८१ मध्ये बुऱ्हाणपूर लुटले, हा इतिहास. पडद्यावरचे दृश्य पाहून शेत खणणे, हा माध्यमाचा प्रभाव.

१०/ जुन्या आणि नव्या माध्यमांत एक मोठा भेद आहे. चित्रपटाच्या आरंभी 'काही प्रसंग काल्पनिक आहेत' अशी सूचना येते. त्याच चित्रपटातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाईलवर फिरतो, तेव्हा सूचना मागे राहते आणि दृश्य पुढे जाते. एक तुकडा पाहिला की तसेच दहा समोर येतात. दहा वेळा दिसलेली गोष्ट मनाला सिद्ध वाटू लागते. वस्तुतः ती एकाच कल्पनेची दहा प्रतिबिंबे असतात.

११/ म्हणून इतिहासाचा कोणताही तुकडा पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे कुठे लिहिले आहे? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले? लिहिणाऱ्याचा त्यात काय संबंध होता? चिटणीस बखरीला हे प्रश्न वेळीच विचारले असते, तर शंभूराजांची बदनामी इतकी टिकली नसती.

१२/ कापूरहोळच्या एका मातेने दुसरीचे लेकरू आपल्या दुधावर वाढवले. एवढी नोंदसुद्धा तिला अजरामर करण्यास पुरेशी आहे. तिच्या तोंडी आपली वाक्ये घालून ती मोठी होणार नाही. हा थ्रेडही एक माध्यमच आहे. तेव्हा वरचे तीन प्रश्न आधी यालाच विचारावेत.

(समाप्त)