भात वेळावा की न वेळावा? एका जुन्या प्रश्नाचा वाराणसीपर्यंतचा प्रवास

वाराणसीच्या धान्यबाजारात तांदळाची दोन कुळे नांदतात. साळ तशीच गिरणीत घालून काढलेला पांढरा तांदूळ म्हणजे अरवा. साळ तुसासकट भिजवून, उकडून, वाळवून मग सडलेला तांदूळ म्हणजे उसना किंवा भुजिया, म्हणजेच कोकणातला उकडा. पूजेच्या अक्षतांना अरवाच लागतो. याच शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या दक्षिण आशिया प्रादेशिक केंद्राचे लोकार्पण झाले. राष्ट्रीय बियाणे संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या आवारात उभ्या असलेल्या या केंद्रातील प्रयोगशाळेकडे दोन कामे सोपवली गेली: तांदळाचा दर्जा पारखणे, आणि दाण्यातले व पेंढ्यातले जड धातू मोजणे. पोषण आणि विष एकाच छपराखाली मोजण्याची ही व्यवस्था आज स्वाभाविक वाटते. तांदळाच्या इतिहासात मात्र ही दोन मोजमापे फार काळ एकमेकांना अनोळखी होती, आणि त्या अनोळखीपणातूनच एकाच घरगुती कृतीबद्दल दोन शतकांनी दोन उलट निकाल दिले.

ती कृती म्हणजे तांदूळ खळखळून धुणे, भरपूर पाण्यात शिजवणे आणि वरचे पाणी काढून टाकणे. कोकणात याला भात वेळणे म्हणतात. बनारसकडे हे पाणी ‘माड़’ या नावाने ओळखले जाते.

या वादाचे मूळ दाण्याच्या रचनेत आहे. तूस निघाल्यावर उरणाऱ्या दाण्याभोवती कोंड्याचे पातळ थर असतात आणि एका टोकाला अंकुर असतो. आतला मोठा भाग जवळजवळ सगळा पिठूळ. लोह, मॅग्नेशियम आणि थायमिन हे जीवनसत्त्व कोंड्यात व अंकुरात एकवटलेले असते. जस्त त्या मानाने आतपर्यंत पसरलेले असते, म्हणून सडण्यात ते लोहाइतके जात नाही. उखळ-मुसळाने हा कोंडा पुरता निघत नसे. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या गिरण्या आल्या, पुढे एंगेलबर्ग पद्धतीची छोटी यंत्रे गावोगावी पोहोचली, आणि शुभ्र तांदूळ गरिबाच्याही ताटात आला.

त्या शुभ्रतेची किंमत प्रथम जावा बेटावर उघड झाली. बटेव्हियात ख्रिस्तियान आइकमान हा डच वैद्य बेरीबेरीचा जंतू शोधत होता. प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्यांना तसेच पायांतले बळ जाण्याचे दुखणे झाले आणि काही महिन्यांनी ते आपोआप बरेही झाले. शोध घेता कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना देण्यास नकार दिला! इतिहासात कारकुनी काटेकोरपणाने विज्ञानाची एवढी सेवा क्वचितच केली असेल. आइकमानचा सहकारी फॉर्डरमन याने १८९७ मध्ये जावातील शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. बिनपॉलिश तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत बेरीबेरी दहा हजारांत जेमतेम एकाला होती. पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत साधारण चाळिसांत एकाला. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातूनच ते जीवनसत्त्व वेगळे केले, आणि १९२९ चे नोबेल पारितोषिक आइकमानला विभागून मिळाले.

मलायात ब्रॅडन या ब्रिटिश डॉक्टराला याच सुमारास दिसले, की पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने मरतात आणि उकडा खाणारे तमिळ मजूर वाचतात. साळ उकडताना कोंड्यातले थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते. मग गिरणीने कोंडा नेला तरी ते पुरते जात नाही. ज्यांनी उकडा तांदूळ करण्याची रीत शोधली त्यांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. उकडलेला दाणा सडताना कमी तुटतो, एवढे त्यांना पुरेसे असावे.

भारतात हा विषय निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेने पुढे नेला. मॅकॅरिसन यांच्यानंतर तेथे आलेल्या वॉलेस एक्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये भारतातील तांदळाच्या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. कमी सडलेला किंवा उकडा तांदूळ खावा, तो फार धुऊ नये, शिजवल्यावर पाणी फेकू नये, असा त्या काळच्या पोषणशास्त्राचा सूर होता. त्याआधी डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता. गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीतून हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला. त्यांच्या दृष्टीने त्यात आरोग्यही होते आणि कांडपावर जगणाऱ्या बायकांचा रोजगारही. १९५८ च्या भात गिरण्यांच्या नियमन कायद्यामागे हीच विचारसरणी होती. पिढ्यान्‌पिढ्या भात वेळणाऱ्या गृहिणीला मात्र या सगळ्यात सत्त्व फेकून देणारी ठरवले गेले.

मग गंगेच्या खोऱ्यातून वेगळीच बातमी आली. बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझा पट्टी या गावी हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे २००२ मध्ये जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती यांच्या पथकाला आढळले. पाठोपाठ वाराणसीच्या खालच्या अंगाला असलेला उत्तर प्रदेशातील बलिया जिल्हाही त्या यादीत आला. हिमालयातून वाहून आलेल्या गाळातले हे आर्सेनिक निसर्गाचेच. नदीनाल्यांच्या पाण्याने होणारे रोग टाळण्यासाठी गावोगावी जे हातपंप बसवले गेले, त्यांनीच ते वर आणले. वाराणसी परिसरातही भेद दिसतो: शहर वसले आहे त्या उंच, जुन्या गाळाच्या पश्चिम तीरापेक्षा समोरच्या नव्या गाळाच्या गावांत आर्सेनिकाचा धोका अधिक आढळला.

पाण्यातले विष भातात फार सहज शिरते. खाचरात पाणी साचून राहिले की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाची संयुगे विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. त्या अवस्थेत त्याचे रूप सिलिकासारखे असते; भाताच्या मुळांना तर सिलिका भरपूर हवी असते. ज्या वाटेने सिलिका शिरते, त्याच वाटेने आर्सेनिकही शिरते. खाचर आलटून पालटून ओले-कोरडे ठेवले तर हे प्रमाण घटते. पण माती फार काळ कोरडी राहिली तर कॅडमियम वाढू शकते. एका विषाला दार लावताना दुसऱ्याची खिडकी उघडते, ती अशी.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की कोंड्यातील असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे त्याचा अधिक घातक प्रकार, आतल्या दाण्याच्या सुमारे दहापट असू शकते. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतही हा थरांचा फरक उतरला आहे: पॉलिश केलेल्या तांदळात असेंद्रिय आर्सेनिकाची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तर बिनपॉलिश तांदळात ०.३५. ज्या थरात बेरीबेरीचे औषध होते, त्याच थरात हे विष साठते. गिरणी दोन्ही घेऊन जाते.

आणि वेळणे? चक्रवर्तींच्याच पथकाने २००६ मध्ये तीन रीती तोलून पाहिल्या. निवळ पाणी येईपर्यंत धुऊन, सहापट पाण्यात शिजवून, पाणी काढून टाकल्यास तांदळातले आर्सेनिक ५७ टक्क्यांपर्यंत कमी झाले. त्यातले साधारण निम्मे धुण्यात गेले, निम्मे वेळण्यात. धुऊन बेताच्या पाण्यात शिजवल्यास घट २८ टक्के. न धुता, पाणी आटवून शिजवल्यास काहीच घट नाही. कुन्नूरच्या शास्त्रज्ञांना जो दोष वाटला होता तोच येथे बचाव ठरला. त्या शास्त्रज्ञांची चूक म्हणावी असे यात काही नाही. त्यांच्यासमोर बेरीबेरीचे रोगी होते, आर्सेनिकाचे नव्हते.

तडजोडीचे प्रयत्नही झाले आहेत. तूस काढून मग दाणा उकडल्यास पॉलिश केलेल्या तांदळातले असेंद्रिय आर्सेनिक सुमारे एक चतुर्थांश घटते, असे २०१९ च्या एका संशोधनात दिसले. चुन्याचे द्रव्य मिसळल्याने त्यात कॅल्शियम वाढले, पोटॅशियम मात्र घटले. २०२० मध्ये शेफील्ड विद्यापीठातील मनोज मेनन आणि सहकाऱ्यांनी घरच्या चुलीसाठी मध्यममार्ग सुचवला: तांदूळ उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावा, ते पाणी टाकावे, मग नव्या पाण्यात मंद आचेवर आटवावा. पांढऱ्या तांदळातले ७३ टक्के आणि बिनपॉलिश तांदळातले ५४ टक्के असेंद्रिय आर्सेनिक गेले, आणि जस्ताचे विशेष नुकसान झाले नाही.

वाराणसीला लागून असलेल्या चंदौली जिल्ह्यात याच काळात गेलेले लोह परत आणण्याचा सरकारी प्रयोग सुरू झाला. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलेल्या पिठापासून तांदळासारखे दाणे घडवायचे आणि साध्या तांदळाच्या शंभर भागांत एक भाग मिसळायचे. गिरणीने आधी काढायचे, मग कारखान्याने घालायचे, हा उलटा प्रवास कुमारप्पांना नक्कीच खटकला असता.

या सर्व आकड्यांमागे एक अट आहे, आणि बलियासारख्या जिल्ह्यात तीच निर्णायक ठरते. ५७ टक्क्यांचा प्रयोग आर्सेनिक जवळजवळ नसलेल्या पाण्याने केलेला होता. हातपंपाचे पाणीच दूषित असेल तर शिजताना दाणा ते विष शोषून घेतो. दूषित पाण्यात साळ उकडली तर भुजियाही त्याला अपवाद नाही. आणि वेळलेले माड़ घरातच प्यायले गेले, तर तांदळातून निघालेले आर्सेनिक त्या घरातून गेलेलेच नसते.