दूध नंतर आलं

फळाचा गर आणि साखर गोठवून घरी केलेल्या पदार्थाला आपण सर्रास ‘बिनदुधाचं आइस्क्रीम’ म्हणतो. म्हणजे खरा पदार्थ आइस्क्रीम, आणि त्यातून दूध वजा केल्यावर उरलं ते हे. ज्यांना दूध पचत नाही किंवा ज्यांनी ते सोडलं आहे, त्यांच्यासाठी काढलेली पळवाट! या नावाने इतिहास उलटा टांगला आहे. गोठवलेल्या गोडाचं तंत्र बसलं ते बरंचसं पाणी, साखर आणि फळांचा रस यांच्यावर. दूध त्या घरात पोटभाडेकरू म्हणून शिरलं आणि पुढे मालक होऊन बसलं. हा क्रम नीट लक्षात घेतला तर घरच्या फ्रीजरमध्ये दगड होऊन बसलेल्या आंब्याचं कोडंही सुटतं, म्हणून ही कुळकथा नुसत्या हौसेची नाही.

सुरुवात शब्दापासून करू. अरबीत ‘श-र-ब’ हा धातू पिण्याचा. त्यातून शरबत निघालं, शराब निघाली, आणि लॅटिनच्या वाटेने औषधाच्या बाटलीतलं सिरपही निघालं. फारसीतून आपल्याकडे येताना शरबताचा ‘श’ मऊ होऊन सरबत झालं. तोच शब्द तुर्कांकडून सोळाव्या शतकात इटलीत पोचला आणि ‘सोर्बेत्तो’ झाला. इटालियनमध्ये घोट घेण्याला ‘सोर्बीरे’ म्हणतात, त्या क्रियापदानेही त्याला स्वतःकडे ओढलं असावं. फ्रेंचांनी त्याचं सॉर्बे केलं. महागड्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर जे सॉर्बे दिसतं ते आपल्या लिंबू सरबताचं सख्खं भावंड आहे. मुख्य मुद्दा असा की इटलीत हा शब्द आला तेव्हाही त्याचा अर्थ पेयच होता. पुढे ते पेय गोठलं, नाव तेच राहिलं. पदार्थ आधी काय होता, याचा दाखला नावानेच जपून ठेवला आहे.

पेय गोठलं कसं? नीरो बादशहाने डोंगरावरचं हिम आणवून खाल्लं, मार्को पोलोने चीनहून कृती आणली, कातेरीना दे मेदिचीने ती लग्नात फ्रान्सला नेली, या गोष्टी लोकप्रिय आहेत आणि त्यांना समकालीन पुरावा नाही. शिवाय हिमावर सरबत ओतणं वेगळं आणि सरबताचाच बर्फ करणं वेगळं. पहिल्याला फक्त डोंगर जवळ असावा लागतो. दुसऱ्याला शून्याच्या खाली उतरण्याची युक्ती लागते. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने पाणी गार करण्याची रीत दिली आहे: पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात एक शेर पाण्याची तोंड बंद केलेली धातूची सुरई फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो. तोफेच्या दारूतला हा घटक पाणी थंड करतो, यात मौज आहे. पण हाती येतं ते गार पाणी, बर्फ नव्हे. नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने १५८९ च्या आपल्या ग्रंथात पुढची पायरी सांगितली. सोरा पाण्याऐवजी हिमात मिसळायचा आणि त्यात द्राक्षमद्याची कुपी फिरवायची. मद्य लवकर गोठावं म्हणून त्यात थोडं पाणी घालायलाही तो सांगतो. मात्र सोऱ्याने बर्फ शून्याखाली जेमतेम तीन अंश उतरतो. साखरेचं दाट पाणी गोठायलाच मुळी उणे दोनच्या आसपास सुरुवात होते, तेव्हा तीन अंशांत काम भागत नाही. साधं मीठ मात्र बर्फाला उणे एकवीसपर्यंत नेऊ शकतं. सोरा बाजूला पडून मीठ आलं तेव्हा सरबत गोठण्याचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

हे काम नेपल्समध्ये फळाला आलं. आजूबाजूच्या डोंगरांवरचं हिम खड्ड्यांत दाबून ठेवायचं आणि उन्हाळ्यात शहरात विकायचं, हा तिथे मोठा व्यापार होता. आन्तोनियो लातीनी हा तिथल्या एका बड्या घरचा कारभारी. त्याचा पाकग्रंथ १६९२ आणि १६९४ मध्ये दोन भागांत छापला गेला, आणि त्यात लिंबू, स्ट्रॉबेरी, आंबट चेरी, दालचिनी, चॉकलेट यांची सोर्बेत्ती आहेत. नेपल्सचा माणूस ही कला घेऊनच जन्माला येतो, अशा अर्थाचं कौतुकही त्याने केलं आहे. मला त्यात सर्वांत बोलकी वाटते ती साहित्याची मांडणी: फळ आणि साखरेच्या जोडीने तो मीठ आणि हिमही मोजून सांगतो. जे पोटात जात नाही तेही कृतीचा भाग, ही समज तिथे दिसते. याच ग्रंथात एक दुधाचं सोर्बेत्तोही आहे: दूध, पाणी, साखर आणि पाकवलेलं फळ. दूध आलं, पण सरबताच्या यादीतला एक प्रकार म्हणून, सरबताचंच नाव लावून. पुढे १७७५ मध्ये फिलिप्पो बाल्दिनी या नेपल्सच्या वैद्याने निव्वळ सोर्बेत्तींवर पुस्तक लिहिलं, त्यातही दुधाचा वर्ग अनेकांतला एक आहे.

इथे कोणी म्हणेल, इंग्लंडमध्ये १६७१ सालीच विंडसरच्या मेजवानीत दुसऱ्या चार्ल्स राजापुढे गोठवलेल्या सायीची थाळी ठेवल्याची नोंद आहे. ती लातीनीच्या आधीची नाही का? आहे. पण वाद तारखांच्या शर्यतीचा नाही. ती थाळी ज्या युक्तीवर उभी होती, ती देल्ला पोर्ताच्या पाणी मिसळलेल्या मद्यात ऐंशी वर्षं आधी लिहिली गेली होती. दुसरा आक्षेप अधिक जवळचा: आपल्याकडे तर कुल्फी आहे, आणि ती दुधाचीच. खरं आहे, आणि म्हणूनच ती या वंशावळीत बसत नाही. कुल्फीचं दूध आधी आटवतात, पाणी चुलीवरच उडवतात आणि मग साच्यात न ढवळता गोठवतात. कुल्फी सरबताच्या नव्हे, बासुंदीच्या कुळातली. उलट फालुद्याचं पाहा. शिराझचा फालुदे म्हणजे गुलाबाच्या वासाच्या साखरपाण्यात अर्धवट गोठवलेल्या स्टार्चच्या शेवया, वर लिंबू. दुधाचा थेंब नाही. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यात दूधही आलं आणि वर आइस्क्रीमचा गोळाही बसला. अमेरिकेत तर सरबताचं नाव लावणाऱ्या ‘शर्बट’मध्ये एक ते दोन टक्के दुग्धस्निग्धांश असावा, असा नियमच आहे. तिथल्या मराठी घरात दूध वर्ज्य असेल तर सरबताचं नाव वाचून डबा उचलू नये!

आता सर्वांत वजनदार आक्षेप. इतिहास काही असो, दुधाने जो मऊपणा येतो तो फळाला नाही. घरी गोठवलेला गर सुरीनेही कापत नाही. हे दूध नसल्यामुळे होतं असं वाटतं, आणि मग लोक नारळाचं दूध, काजूची पेस्ट असलं काहीबाही घालत बसतात. लातीनीच्या बाजूने विचार केला तर प्रश्न साखरेचा आणि ढवळण्याचा आहे. किलोभर पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळली की गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी खाली येतो. पाणी गोठत जातं तसा उरलेला पाक दाट होतो आणि आणखी उशिरा गोठतो, त्यामुळे उणे अठराच्या फ्रीजरमध्येही थोडा पाक द्रव राहतो. स्फटिकांमधलं हे वंगण. एकूण साखर पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरात असली की चमचा आत जातो. पिकलेल्या आंब्यात निम्मी साखर अंगचीच असते, म्हणून किलोभर रसाला दीडशे ग्रॅम पुरते; कलिंगडात जेमतेम सहा-सात टक्के, म्हणून त्याला पाव किलो लागते. साखर कमी केली तर आरोग्य साधतं पण बर्फाची वीट होते, हा सौदा आधीच ओळखावा. जुने आचारी यासाठी पाकात ताजं अंडं तरंगवून बघत. नाण्याएवढं टरफल वर दिसलं की गोडी जमली. राहिलं ढवळणं. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये दांड्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेच पॉट आइस्क्रीमच्या लाकडी बादलीचं मूळ रूप. स्फटिक वाढू न देणं हेच त्याचं काम, आणि घरचा मिक्सर ते उशिरा का होईना करतोच: पसरट डब्यात रस गोठवायचा, तुकडे करून फिरवायचा, परत ठेवायचा.

केळं मात्र माझ्या म्हणण्याला थोडं छेद देतं. गोठवलेल्या केळ्याच्या चकत्या मिक्सरमधून काढल्या तर काहीही न घालता सायीसारखा लगदा होतो. त्याच्या गरातलं पेक्टिन ते करतं. चव चांगली लागते, पण ते आइस्क्रीमची नक्कल वठवतं, सरबत गोठवत नाही. कोकम तसं करणार नाही. कोकम गोठवायचं तर साखरेत मुरवलेलं अमृत कोकम पातळ करून घ्यावं, आगळ घेऊ नये. आगळात मीठ असतं, आणि मीठ साखरेच्या कितीतरी पटीने गोठण रोखतं. नेपल्समध्ये जे डब्याच्या बाहेर होतं ते इथे डब्याच्या आत जातं, आणि रात्रभर ठेवूनही सकाळी हाती लापशीच येते.