पहिलटकरणींचा वर्ग

पहिलटकरणीच्या मनात शंका फार असतात आणि त्या विचारायला हक्काचं माणूस लागतं. आपल्याकडे आई, मावशी, शेजारची आजी हे काम करत आल्या. स्वीडनमध्ये ते काम सरकारी दवाखान्यातली सुईण करते. ही सुईण शिकलेली, परवाना असलेली. तिच्या या मानाला तीन शतकांचा इतिहास आहे.

१६९७ मध्ये योहान फॉन हूर्न या डॉक्टरांनी सुइणींसाठी स्वीडिश भाषेत पाठ्यपुस्तक लिहिलं. १७११ मध्ये स्टॉकहोमच्या सुइणींना परीक्षा आणि शपथ आवश्यक झाली. देश लांबरुंद, वस्ती विरळ, डॉक्टर मोजके. म्हणून १८१९ मध्ये गावोगावी शिकलेली सुईण नेमावी असं ठरलं. अडलेल्या बाळंतपणात चिमटा वापरण्याची मुभाही तिला १८२९ मध्ये मिळाली. १७५१ च्या सुमारास तिथे एक लाख जन्मांमागे सुमारे ९०० माता दगावत. १९०० पर्यंत हा आकडा सुमारे २३० वर आला. जंतुनाशकांचा हातभार होताच, पण सुइणींचा वाटा मोठा होता.

विसाव्या शतकात बाळंतपण घरातून रुग्णालयात गेलं. जीव वाचू लागले, पण धीर देणारी घरची माणसं दाराबाहेर राहिली. मग भीतीचं काय करायचं? फ्रान्सचे डॉक्टर लमाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत संघात एक पद्धत पाहिली आणि पॅरिसमध्ये रुजवली. कळांच्या वेळी श्वास कसा घ्यावा, अंग सैल कसं सोडावं, याचा आधीपासून सराव करायचा. स्वीडनमध्येही ती लोकप्रिय झाली.

१९७९ मध्ये स्वीडनच्या संसदेने एक पाऊल पुढे टाकलं. मूल होऊ घातलेल्या सर्व आईबापांना मोफत वर्ग मिळावेत, असा निर्णय झाला. उद्देश तीन होते: ज्ञान वाढावं, आईबापांची एकमेकांशी ओळख व्हावी आणि समाजातल्या परिस्थितीचं भान यावं. वेदना कमी करणं हा त्यांतला उद्देश नव्हता, हे ध्यानात घ्या.

पुढे या वर्गांची कसोटी लागली. २००६-०७ मध्ये १५ दवाखान्यांतल्या १,०८७ पहिलटकरणी आणि त्यांचे जोडीदार चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन प्रकारच्या वर्गांत विभागले गेले. सुईण मध्ये, भोवती डझनभर माणसं, दोन-दोन तासांच्या चार बैठका. एका प्रकारात श्वासाचा सराव, दुसऱ्यात तो सराव न करता बाळंतपण आणि संगोपनाविषयी माहिती व चर्चा. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला. पाठीत वेदनाशामक इंजेक्शन घेणाऱ्या बायकांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ५२ टक्के. बाळंतपणाच्या अनुभवातही फरक दिसला नाही.

मग वर्ग वाया गेले का? तसं नाही. तुलना वर्ग आणि वर्गाचा अभाव यांच्यात नव्हतीच, दोन वर्गांमध्ये होती. श्वासाच्या सरावाने जास्तीचं काही पदरात पडलं नाही, एवढंच त्यातून कळतं. वर्गाकडून वेदनामुक्तीची हमी मागू नये. १९७९ चे उद्देश त्यामानाने शहाणे होते.

भारत सरकारने २०१८ मध्ये प्रशिक्षित सुईणसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अशी सुईण आपल्या दवाखान्यात येईल तेव्हा तिला तपासणीच्या टेबलाबरोबर एक सतरंजीही द्यावी. दहा पहिलटकरणी तिच्याभोवती बसल्या की एकीने विचारलेली शंका दहाजणींची फिटते.